लाकूडतोड कंपनीच्या डिझेल टँकरवर नोकरी : रुजू होण्यापूर्वी काय पाहावे?

प्रश्न – वाडीचा ट्रकचालक

नमस्कार. मी नागपुरात वाडी येथे राहतो आणि अकरा वर्षे कोळसा व सिमेंटच्या ट्रकवर चालक आहे. गडचिरोली जिल्ह्यात लाकूडतोडीचा ठेका घेणाऱ्या एका कंपनीने मला १०,००० लिटरच्या डिझेल टँकरवर बोलावले आहे. नागपुरात माल भरायचा आणि आलापल्लीच्या पलीकडे कुपांवर (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यांवर) चालणारे ट्रॅक्टर, लोडर व क्रेन यांना तो पुरवायचा, असे काम आहे. पगार बरा आहे, परंतु टँकर मी कधी चालवलेला नाही. फरक किती पडतो, आणि मालकाशी आधी काय बोलून घ्यावे?

उत्तर – जुना टँकरवाला

भाऊ, आधी परवाना पाहा. जड वाहनाचा परवाना असला तरी धोकादायक मालासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आरटीओकडून त्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते.

आता चालवण्याविषयी. कोळसा ठेवला तिथे राहतो, डिझेल राहत नाही. ब्रेक दाबला की ते पुढच्या भिंतीवर आदळून गाडीला आणखी पुढे ढकलते आणि वळणावर बाहेरच्या बाजूला चढते. म्हणूनच काठोकाठ भरलेल्या टँकरपेक्षा अर्धवट भरलेला अधिक दगा देतो, आणि तुम्ही एका कुपावर दोन हजार, दुसऱ्यावर पंधराशे लिटर उतरवत जाणार असल्याने तुमचा टँकर बहुतेक वेळ अर्धवटच असेल. कप्पे असतील तर सगळ्यांतून थोडे थोडे काढू नका; मागचा कप्पा आधी पूर्ण रिकामा करा, म्हणजे पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग सैल होणार नाही.

उत्तर – हिशेबाला कंटाळलेला

वरील सर्व मान्य, पण मला चालवण्याने नव्हे, शॉर्टेजने, म्हणजे मोजणीत माल कमी निघाल्याने, घरी बसवले. एका ठेकेदाराकडे (नाव घेत नाही) मे महिन्यात भर दुपारी भरलेल्या डिझेलची डिप (टाकीत काठी बुडवून घेतलेले माप) पहाटे कुपावर घेतली, तर साठेक लिटर कमी! ते माझ्या पगारातून कापले गेले. मी थेंबही विकला नव्हता. डिझेल थंड झाले की आकसते. एका अंशाला हजार लिटरमागे सुमारे पाऊण लिटरहून थोडे अधिक, म्हणजे १०,००० लिटरला सात-आठ अंशांत साठ-पासष्ट लिटर सहज जातात. तेव्हा भरताना आणि उतरवताना डिपसोबत तापमान व घनता लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या, टँकरचा कॅलिब्रेशन तक्ता (काठीवरच्या खुणेला किती लिटर ते दाखवणारा) गाडीतच ठेवायचा आणि घट किती माफ ते आधी कागदावर घ्यायचे. तोंडी आश्वासनाला जंगलात साक्षीदार नसतो.

उत्तर – बल्लारशाहचा लाकूड व्यापारी

चालक नसलो तरी कुपांवर माझे जाणे-येणे असते. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, आणि त्यातच मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो. धूर दिसला तर टँकर त्या रस्त्यावर घालू नये. माल देताना इंजिन बंद ठेवून अर्थिंगची तार (ठिणगी पडू नये म्हणून स्थिर वीज जमिनीत उतरवणारी) आधी जोडावी, विडी पेटवणाऱ्याला लांब ठेवावे. हे शेवटचे वाटते तितके सोपे नाही, कारण दिवसभर ओंडके ओढून थकलेला मजूर तुमच्या सावलीलाच येऊन बसतो. मुक्काम असेल तर मच्छरदाणी न्या. गडचिरोलीतील मलेरिया हा थट्टेचा विषय नाही.

आणखी एक : पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय तुमच्याच शहरात, सेमिनरी हिल्सवर आहे. त्यांचा परवाना या टँकरला आहे का, हे मालकाला विचारायला संकोच करू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मालकाशी बोललो. टँकरला तीन कप्पे आहेत आणि परवानाही दाखवला. मात्र प्रशिक्षणाचा खर्च मी करावा आणि शॉर्टेजचे ‘नंतर पाहू’, असे त्यांचे म्हणणे आहे.

उत्तर – हिशेबाला कंटाळलेला

प्रशिक्षणाचा खर्च करा. नोंद तुमच्याच परवान्यावर होते, नोकरी बदलली तरी ती तुमच्याजवळ राहते. ‘नंतर पाहू’ मात्र मीही ऐकले होते. कागद हातात आल्याशिवाय कोळशाचा ट्रक सोडू नका.