चौथीची पोरं पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार, मनातलं बाहेर कसं काढायचं? (नाशिक)

गोदाकाठची_बाई

नमस्कार मंडळी. मी सातपूरच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. वर्गात 38 मुलं, निम्म्याहून जास्त एमआयडीसीत काम करणाऱ्यांची. शाळा चौथीपर्यंतच, म्हणजे एप्रिल संपला की ही सगळी पांगणार, कोणी हायस्कूलला, कोणी सेमीला, दोघंतिघं तर पार गावी परत जाणार. आणि गेल्या महिन्याभरात वर्गाचं काहीतरी बिनसलंय. भांडणं वाढलीत, जी मुलगी कधी रडत नाही ती पेन्सिल हरवली म्हणून अर्धा तास रडली, पहिलीपासूनचे दोन जिगरी दोस्त एकमेकांशी बोलत नाहीयेत आणि कारण विचारलं तर दोघांनाही माहीत नाही.

म्हणून मी वहीत लिहायला दिलं, "पाचवीत जाताना मला काय वाटते". 38 पैकी 35 जणांनी लिहिलं की मला खूप आनंद होत आहे, मी खूप अभ्यास करीन व आईवडिलांचे नाव मोठे करीन. एकाने खाली धन्यवादसुद्धा लिहिलंय 😅 मग नेटवरनं तो स्मायलीचा तक्ता काढून लावला, रोज सकाळी आपलं नाव एका चेहऱ्याखाली चिकटवायचं. सगळे हसऱ्याखाली. एकाला हळूच विचारलं तर म्हणतो, बाई रडका लावला तर तुम्ही मम्मीला सांगाल ना.

त्याचं चुकलं नाही, मी सांगितलंच असतं.

तर चित्र, नाटक, हस्तकला, काहीही सुचवा. आनंददायी शनिवारमुळे दप्तर नसतं, तेवढा वेळ हातात असतो. सामान म्हणाल तर रद्दी, खडू, थोडे घोटीव कागद, बास. पैसे मागायची सोय नाही.

भांडीबाजार_१

ताई मी काही शिक्षक नाही, आमचं दुकान आहे त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. पण तो स्मायली वाचून डोक्यात आलं ते लिहितो. आपल्या नाशकात पूर किती आलाय हे कोणी फुटात विचारतं का? गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं, एवढंच विचारतात. घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. 2019 च्या ऑगस्टमध्ये मारुती अख्खा पाण्याखाली गेला होता, तुमची पोरं तेव्हा अगदीच लहान असतील पण घरात ऐकलं असेलच.

तर प्रत्येकाने आपापला मारुती काढावा आणि निळ्या खडूने पाणी भरावं, आज माझं पाणी कुठपर्यंत. कसलं पाणी ते सांगायचंच नाही. राग असो भीती असो, पाणी म्हणजे पाणी. यात हसरा बरा आणि रडका वाईट असं काही नाही, पूर येतो तसा ओसरतोही.

अजून एक. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आमच्याकडे सगळ्यांचे फोन सुरू होतात, किती क्युसेक सोडलंय म्हणून. पाणी घोट्याला असतानाच आम्ही खालच्या फळीवरचा माल वर घेतो, सराफ बाजारातही तेच. छातीला लागल्यावर माल हलवायला कोण जाणारे? तसं पोरांना विचारा, तुझं पाणी गुडघ्याला आलं की तू काय करतोस. माझा पोरगा तिसरीत आहे, त्याला काल विचारलं तर म्हणाला मी पलंगाखाली जाऊन बसतो. आम्हाला वाटायचं तो खेळतोय.

समुपदेशक_कॉलेजरोड

वरच्या काकांना शंभरपैकी शंभर. मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते आणि असलं काहीतरी छापील किटमध्ये शोधत असते, ते पुराच्या पाण्यात सापडलं.

त्या मारुतीला दोन तोंडं आहेत हेही वापरा ना ताई. नव्या शाळेचा आनंदही आहे आणि इथून जाताना जीव तुटतोय, दोन्ही एकाच वेळी खरं असतं पण मुलांना वाटतं एकच उत्तर बरोबर, कारण आपण चार वर्षं त्यांना तेच शिकवलंय. एका तोंडाशेजारी एक गोष्ट लिहायची, दुसऱ्या तोंडाशेजारी दुसरी. दोन्ही लिहायला जागाच दिली की मुलं भरतात, रिकामी राहिलेली त्यांना आवडत नाही.

दुसरं मी हमखास करते ते शरीराचा नकाशा. नुसती माणसाची बाह्यरेषा, हाताएवढी, झेरॉक्स काढली तरी चालते. (मुलाला फरशीवर झोपवून मोठी रेष काढतात ते मला पटत नाही, काही मुलं अवघडतात, मुली तर जास्तच.) आणि मग विचारायचं, पोटात गोळा येतो तो कुठे येतो? दाखव. त्याचा रंग कुठला, लिंबाएवढा की फुटबॉलएवढा? घसा दाटतो, कान तापतात, हातपाय गार पडतात, छातीत धस्स होतं, पायाखालची जमीन सरकते. आपल्या भाषेत भावना अंगातच बसवून ठेवलेल्या आहेत, त्यामुळे मराठीतनं हे फार सोपं जातं. "तुला चिंता वाटते का" याला मान हलते फक्त, "पोटात गोळा येतो का" म्हटलं की मूल स्वतःहून सांगतं, येतो ना, रिक्षा वळली की येतो.

शब्दही वाढवा. मुलांकडे दोनच असतात, मस्त आणि बोअर. हिरमुसणं, धाकधूक, हुरहूर, ओशाळणं, रुसवा, चिडचिड, कासावीस, एकेक शब्द एकेका शनिवारी. हुरहूर हा शब्द मी एका वर्गात सांगितला तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम याला नाव आहे?"

काय करू नये तेही सांगते, कारण उत्साहात घोळ होतात. चित्रं भिंतीवर लावू नका, मूल स्वतः म्हणालं तरच. मार्क नको, बरोबरची खूण नको, "छान" सुद्धा नको. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी असले अर्थ काढू नका, कधीकधी डब्यात तेवढाच खडू उरलेला असतो. "सगळ्यात वाईट आठवण काढा" असले विषय तर बिलकूल देऊ नका, उघडलेलं नीट मिटायला तास पुरत नाही. आणि कोणालाही "पास" म्हणायची मुभा पाहिजे. त्या मुलाला मम्मीला सांगाल अशी भीती होती ना, तर सुरुवातीलाच सांगून टाका की मी कोणाला सांगणार नाही, फक्त तुला कोणी त्रास देत असेल किंवा तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मोठ्यांची मदत घ्यावीच लागेल. हे खरंच पाळावं लागतं, कारण लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेचं नाव जाईल म्हणून गप्प बसता येत नाही. मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन 1098 आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस 14416 हे दोन नंबर आपल्या टेबलावर लिहून ठेवा.

निवृत्त_मास्तर

भावना, अ‍ॅक्टिव्हिटी, किट. आमच्या काळी साठ पोरं असायची आणि सगळी पाचवीला गेली, कोणाचं काही अडलं नाही. (नातीने हे वाचून दाखवलं तेव्हा तीच म्हणाली की अडलं नाही हे तुम्हाला कसं माहीत. बरं.)

एक अनुभवाचं सांगतो. चौथीच्या पोराला जी भीती असते ती पुष्कळदा संडास कुठंय, पाणी कुठं प्यायचं आणि मोठी पोरं मारतात का याची असते. त्यामुळे रंगवायला बसवण्याआधी त्यांना एकदा चालत त्या हायस्कूलमध्ये न्या. मी शेवटची काही वर्षं मार्चमध्ये नेत होतो, तिथल्या हेडमास्तरांना आधी फोन करायचा. नळ, संडास, घंटा कुठे वाजते, पाचवीचा वर्ग, मैदान आणि तिथला शिपाईमामा, एवढं दाखवायचं. परत आल्यावर पोरांनी नकाशा काढायचा, कुठलं ठिकाण आवडलं तिथे हिरवा ठिपका, कुठे नको वाटलं तिथे लाल. एका वर्षी चौदा-पंधरा जणांनी जिन्याखाली लाल ठिपका दिला. तिथे दिवा नव्हता. हेडमास्तरांना कळवलं, दिवा लागला. आता याला तुम्ही भावना म्हणा नाहीतर लाइट फिटिंग.

पेठ_सुरगाणा_एक्सप्रेस

मास्तर 😂😂

मी आदिवासी पट्ट्यात शिकवतो. आमच्याकडे बोहाडा असतो, उन्हाळ्यात रात्रभर संबळाच्या तालावर मुखवटे घालून सोंगं नाचवतात. पोरं घरी बघतच मोठी होतात. मी त्यावरून वर्गात सोंगं करून घेतो, देवांची नाही हां, ती गावातल्या मानकऱ्यांची, तिथे आपण हात घालायचा नाही. आम्ही रागाचं सोंग, भीतीचं सोंग, रुसव्याचं सोंग करतो. रद्दी रात्रभर भिजत घालायची, सकाळी कुटून लगदा करायचा, थोडं मेथीचं किंवा मैद्याचं चिकट टाकायचं, उलट्या घमेल्यावर थापून दोन दिवस उन्हात. मेथीने उंदीर कमी लागतात असं आमच्याकडच्या बाया सांगतात, मला तरी फरक दिसला.

नियम एकच, बोलणार ते सोंग. "तू का चिडतोस" नाही विचारायचं, "रागोबा, तुम्ही राहता कुठं? खाता काय? कोणाला घाबरता?" असं अहोजाहो करून. माझ्याकडे एक पोरगा होता, आईबाप दरवर्षी द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जायचे, हा आजीकडे. वर्षभर हो-नाही पलीकडे शब्द नाही. भीतीचं सोंग चढवलं आणि म्हणतो, मी जीपच्या टपावर बसून येते आणि जीप गेली की इथंच राहते. मला पुढचा प्रश्नच सुचला नाही. त्या दिवशी तिथंच थांबवलं आम्ही, आणि मग सगळ्यांनी मिळून सोंगांना पाणी पाजलं, काहीतरी करायचं म्हणून.

निफाडची_काडी

द्राक्षाचं निघालंच आहे म्हणून. बदल म्हणजे काय हे शिकवायला फुलपाखरू आणि कोश सगळेच घेतात, मला कंटाळा आलाय त्या सुरवंटाचा. आमच्याकडे बाग आहे, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, वर्षातनं दोनदा वेल भुंडी होते. वर्गातल्या मुलांना एकच वेल वाटून दिली, दर पंधरा दिवसांनी तिचं चित्र. छाटणीच्या दुसऱ्या दिवशी मुलं रागावली, सर हिला मारून टाकलं. मी काहीही समजावलं नाही, तारीख टाका म्हटलं आणि चित्र काढा. काडीवर कोंबाचा डोळा फुगलेला दिसला त्या दिवशी मधल्या सुट्टीत अर्धा वर्ग कुंपणाशी. सातपूरला बाग कुठली म्हणाल, तर शाळेतला गुलाब किंवा मोगरा छाटा, तेच होतं.

फक्त एक, ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना डॉर्मेक्स या रसायनाचं पेस्टिंग (लेप लावणं) चालतं, ते विषारी असतं, तेव्हा पोरांना बागेत अजिबात नेऊ नका.

आणि पोस्टकार्ड! अजून 50 पैशालाच मिळतं. एप्रिलमध्ये प्रत्येकाने स्वतःलाच पत्र लिहायचं, पाचवीतल्या मला. तुम्ही ती ठेवायची आणि ऑगस्टमध्ये पेटीत टाकायची. पोस्टाची तिकिटं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात हे सांगितलं की पोरं अजून खूश होतात, जरी पोस्टकार्डाला वेगळं तिकीट लावायचं नसलं तरी 🙂

गोदाकाठची_बाई

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. काल शनिवारी मारुती केला. आधी सांगितलं की चित्र भिंतीवर लागणार नाही, घडी करून माझ्याकडच्या खोक्यात टाका किंवा घरी न्या, आणि मम्मीचं पण स्पष्ट करून टाकलं, समुपदेशक मॅडमनी सांगितलं तसंच. पाचसात जणांनी पाणी काढलंच नाही, कोरडा घाट, त्यावर कबुतरं. चालतंय. त्या रडणाऱ्या मुलीने गळ्यापर्यंत भरलं आणि दुसऱ्या तोंडाशेजारी लिहिलंय, नवीन शाळेत लायब्ररी आहे. ते दोन दोस्त शेजारी बसले होते, एकमेकांचं चोरून बघत होते, दोघांचंही कमरेला. बोलले नाहीत अजून, पण एकाने निळा खडू मोडून अर्धा दुसऱ्याला दिला.

आणि घंटा झाल्यावर एकजण दारातनं परत आला, बाई तुमचं कुठपर्यंत? मी हसण्यावारी नेणार होते. मग म्हटलं, गुडघ्याच्या वर. तो म्हणे मग माल हलवा. (दुकानाचं मी सांगितलं होतं, काका.)

हायस्कूलला मंगळवारी फोन करते. एक अडचण, आमच्याकडची बरीच भाड्याने राहतात, ऑगस्टपर्यंत खोली बदलली तर पोस्टकार्ड जाणार कुठे?

निफाडची_काडी

नव्या शाळेच्या पत्त्यावर टाका ना ताई, नाव, इयत्ता पाचवी, शाळा. जी गावी जाणार त्यांच्या आजीआजोबांचा पत्ता घ्या. आणि पिनकोड तुम्ही स्वतः लिहा, पोरं एक आकडा खातात.