शब्दचर्चा : 'नेट गेलं' म्हणजे नेमकं काय गेलं?

चर्चाप्रस्ताव

आमच्या वाचनालयातल्या ज्येष्ठ सभासदांसाठी घरच्या वायफायच्या तक्रारींवर एक पानी मराठी टिपण करते आहे. अडचण अशी की काहीही बिघडलं तरी फोनवर सगळे 'नेट गेलं' एवढंच सांगतात. एका काकांच्या लॅपटॉपवर वायफायची खूण पूर्ण भरलेली आहे, त्याच वायफायवर काकूंचा मोबाइल छान चालतो, पण लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही. सर्व्हरचा डीएनएस पत्ता सापडत नाही, असा संदेश येतो. (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा.) हे मराठीत कसं सांगावं? वायरलेस, रिझॉल्व्ह, फ्लश, रीसेट यांना रुळलेले शब्द आहेत का? वायफायला 'बिनतारी जोडणी' आणि डीएनएसला 'क्षेत्रनाम प्रणाली' असं लिहिलं तर सभासद पान बाजूला ठेवतील अशी भीती वाटते.

प्रतिसाद १

'बिनतारी' चांगला शब्द आहे, पण तो पोलिसांच्या आणि जहाजांच्या संदेशयंत्रणेशी जोडला गेलाय. घरातल्याला वायफायच म्हणा. ते नाव १९९९ साली व्यापारी नाव म्हणूनच तयार केलेलं आहे, त्यामुळे भाषांतर करायला त्यात काही नाही.

खरा उपयोग नामांपेक्षा क्रियापदांचा होईल. आपण बोलताना तीन वेगळी क्रियापदं वापरतोच, फक्त ती काटेकोरपणे वापरत नाही. वायफाय लागत नाही म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांचंच जुळलेलं नाही. पासवर्ड चुकलाय, किंवा मधे भिंती फार आहेत. (५ गिगाहर्ट्झचं वायफाय भिंतींपुढे लवकर दमतं, तिथे २.४चं लावून पाहावं.) नेट येत नाही म्हणजे राउटरपर्यंत सगळं ठीक, पुढे बाहेरून काही येत नाही. साइट उघडत नाही म्हणजे नेट येत असूनही घोटाळा आहे. तुमचे काका या तिसऱ्या गटातले.

'फुल रेंज आहे तरी नेट नाही' हे वाक्य मी रोज ऐकतो. वायफायच्या खुणेतल्या कमानी फक्त राउटरपर्यंतचं सांगतात, राउटरच्या पलीकडचं नाही. हे टिपणात ठळक लिहा.

प्रतिसाद २

रिझॉल्व्हसाठी 'नाव सोडवणे' असं काही ठिकाणी वाचलंय. कृपया तसं लिहू नका, गणित सोडवल्यासारखं वाटतं. आपल्याकडे 'पत्ता लागणे' आणि 'पत्ता काढणे' आहेत की! डीएनएस नेमकं तेच करतो, साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता काढून देतो. 'साइटचा पत्ता लागत नाही' हे सत्तरीच्या माणसालाही एका झटक्यात कळेल.

डीएनएसला टेलिफोन डिरेक्टरी म्हणायची पद्धत आहे, ती मात्र अर्धीच बरोबर आहे. डिरेक्टरी म्हणजे एकाच जागी छापलेलं एकच पुस्तक. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर खरंच तसं होतं. सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे, ती कॅलिफोर्नियातली एक संशोधनसंस्था सांभाळायची आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ती फाइल पुरेना, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली. त्यात कुणा एकाकडे पूर्ण यादी नसते. मुळाशी विचारलं की '.इन'ने संपणारी नावं सांभाळणाऱ्यांकडे जा म्हणून सांगतात, ते पुढचा दाखवतात, असं विचारत विचारत पत्ता लागतो. त्या जुन्या फाइलचा वारसा अजून शिल्लक आहे. प्रत्येक लॅपटॉपमध्ये होस्ट्स नावाची छोटी फाइल असते, आणि तिच्यात चुकीची ओळ असेल तर तेवढीच एक साइट उघडत नाही.

फ्लशसाठी 'जुने पत्ते पुसणे' पुरे. लॅपटॉप एकदा काढलेला पत्ता काही काळ लक्षात ठेवतो, तो पुसून नव्याने विचारायला लावायचं, एवढाच त्याचा अर्थ.

प्रतिसाद ३

'पत्ता' आवडला, पण धोका सांगते. लॅपटॉपलाही स्वतःचा आकड्यांतला पत्ता, म्हणजे आयपी, हवा असतो आणि तो राउटर देतो. तो मिळाला नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतं. हा बिघाड पूर्ण वेगळा आहे, तिथे डीएनएस बदलून काहीही होणार नाही. दोन्हीकडे 'पत्ता' लिहिलंत तर वाचणारा चुकीच्या जागी शोधत बसेल. लॅपटॉपसाठी 'आयपी मिळत नाही' आणि साइटसाठी 'पत्ता लागत नाही' अशी वाटणी करा.

नेट येतंय की नाही हे ओळखायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) पिंग, म्हणजे 'उत्तर दे' ही हाक, लिहून पुढे ८.८.८.८ हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता द्यावा (अक्षरं आणि आकडे अर्थात इंग्रजी). उत्तर आलं आणि साइट मात्र नावाने उघडली नाही, तर संशय डीएनएसवर.

प्रतिसाद ४

रीसेटबद्दल कळकळीची विनंती. 'राउटर रीसेट कर' असं आपण सर्रास म्हणतो आणि मनात असतं बंद करून चालू करणं. राउटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात टाचणी दाबून धरली की खरा रीसेट होतो. वायफायचं नाव, पासवर्ड सगळं पुसलं जातं आणि पुष्कळ ठिकाणी नेट देणाऱ्या कंपनीचं लॉगिनही. मग माणूस घरी येईपर्यंत घर नेटविना. आमच्या इमारतीत एका आजींनी फोनवर ऐकलेला शब्द शब्दशः पाळला आणि नातवाची ऑनलाइन परीक्षा बुडाली. त्यांचं काही चुकलं नव्हतं, सांगणाऱ्याने शब्द चुकीचा दिला होता. टिपणात 'बंद-चालू करा' असंच लिहा आणि रीसेट हा शब्द 'करू नका' याच्याच सोबत येऊ द्या.

प्रस्तावकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांकडे पिंगला उत्तर आलं. वायफायच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर त्यांच्या जुन्या नोकरीतला डीएनएस हाताने भरून ठेवलेला होता, जो त्या ऑफिसबाहेर चालणारच नव्हता. तो काढून 'ऑटोमॅटिक' केलं, जुने पत्ते पुसले आणि साइट उघडल्या. टिपणात आता चार ओळी आहेत: वायफाय लागत नाही, आयपी मिळत नाही, नेट येत नाही, साइटचा पत्ता लागत नाही. प्रत्येकीखाली काय करायचं ते.

एक राहिलं. डीएनएस बदलला, बदलली की बदललं?

प्रतिसाद २

वायफाय लागलं, नेट आलं, साइट उघडली, राउटर बिघडला ही लिंगं पक्की झालीत. डीएनएस लिहिताना तुमच्या मनात सर्व्हर आहे, आणि सर्व्हर पुल्लिंगी. 'बदलला' लिहा.