पहिलं मत: नाव नोंदवण्यापासून शाई लागेपर्यंत

पुण्यात पहिल्यांदा मतदार म्हणून नाव नोंदवताना आणि मत देताना काय काय झालं, ते इथे लिहा. बारीकसारीक तपशील मुद्दाम येऊ द्या; नुकती अठरा पूर्ण झालेल्यांना तेच उपयोगी पडतात. सुरुवात मी करते.

माझा अठरावा वाढदिवस फेब्रुवारी २०२४ मधला. जानेवारीत अठरा पूर्ण नव्हती, म्हणजे आता पुढच्या वर्षीच, असं मी धरून चालले होते. सोसायटीत आलेल्या बीएलओ (मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकारी) बाईंनी सांगितलं, अठरा पूर्ण आहेत का ते बघायला आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. त्याच रात्री ऑनलाइन नमुना ६, म्हणजे नव्या मतदाराचा अर्ज, भरला. १३ मे रोजी लोकसभेच्या मतदानाला कोथरूडला आजीबरोबर रांगेत उभी राहिले. मोबाइल आत नेता येत नाही, तो आईकडे दिला. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचेमागे चिठ्ठी सातच सेकंद दिसते. मी ती नीट वाचली. बाहेर आल्यावर आजीने तिचं शाई लावलेलं बोट माझ्या बोटाशेजारी धरलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

*

मी लातूरचा, इथे हॉस्टेलवर. विद्यार्थ्याला गावी किंवा शिकतो तिथे, कुठेही नाव नोंदवता येतं, पण एकाच ठिकाणी. वर्षातले दहा महिने पुण्याचं पाणी पितो, पीएमपीने फिरतो, म्हणून पुणे. भाडेकरार नव्हता, कॉलेजचा बोनाफाइड दाखला जोडला.

*

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभा, माझं पहिलंच मतदान. कार्ड हातात आणि यादीत नाव नाही! हडपसरहून धनकवडीला राहायला आलो, पण पत्ता बदलायचा नमुना ८ भरलाच नव्हता. नाव जुन्याच यादीत होतं. गाडी काढून हडपसर गाठलं आणि मत दिलं. कृपा करून यादी आठवडाभर आधी नाही, महिनाभर आधी तपासा.

*

माझा जन्म १९७० चा. मार्च १९८९ मध्ये ६१ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि वयाची अट २१ वरून १८ वर आली. त्या नोव्हेंबरात लोकसभेला मत दिलं, कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारून. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, अठराव्या वर्षापासून वाट पाहत होता. आम्ही दोघांनी पहिलं मत एकाच दिवशी दिलं.