केइरिनमध्ये परदेशी जगज्जेते उतरले की निकाल ठरलेलाच का?

पेडल_पुणेकर:
ऑलिम्पिकमुळे केइरिनचा, म्हणजे ट्रॅकवरच्या जपानी सायकल शर्यतीचा नाद लागलाय. थिओ बॉस, शेन पर्किन्स असे जगज्जेते जपानमध्ये जाऊन तिथल्या शर्यती खेळलेत असं वाचलं. पण तिथे लोक यावर पैसे लावतात ना? मग असा माणूस उतरल्यावर बाकीच्यांवर कोण लावणार? जपानमधल्या मंडळींनी सांगा.

निशीकासाईकर:
नुसत्या वेगाचा खेळ असता तर तुमचं बरोबर होतं. मी अधूनमधून टोकियोजवळच्या मात्सुदोला शर्यती बघायला जातो, तिथला ट्रॅक ३३३ मीटरचा. शर्यतीत सात नाहीतर नऊ जण, पण ते सुटे पळत नाहीत. दोघा-तिघांची ‘लाइन’ असते, बहुतेक एकाच भागातले. पुढचा वारा अंगावर घेतो आणि मागचा खांदा मारून इतरांना अडवतो. पुढच्या वेळी पाळी उलटी. ही उधारी वर्षानुवर्षं चालते. काही गडी पन्नाशीतही खेळतात, ते या हिशोबावरच.

आता बॉससारखा माणूस येतो. त्याचं गाव कुठलं, उधारी कुणाकडे? परदेशी पाहुणे एकाच शर्यतीत असले तर आपापसात लाइन करतात, नाहीतर एकटे. जिंकतात, भरपूर जिंकतात, पण डोळे मिटून पैसे लावावेत इतकं सोपं नाही. शेजारचे आजोबा लाल पेन्सिल घेऊन आधी कोण कुणामागे बसणार ते बघतात, पदकं नंतर.

शिवाय बोलावणं आलं तरी थेट ट्रॅकवर सोडत नाहीत. आधी इझूच्या शुझेंजीतल्या केइरिन शाळेत नियम शिका. कार्बनची सायकल घरी ठेवा, इथे ठरावीक शिक्क्याची स्टीलची फ्रेम, फिक्स्ड गिअर, ब्रेक नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी फोन जमा आणि मुक्काम आतच. निकालाची सेटिंग होऊ नये म्हणून हे सगळं, जगज्जेत्यालाही सूट नाही.

गंमत म्हणजे हा खेळ १९४८ साली कोकुराला सुरू झाला, ऑलिम्पिकमध्ये २००० साली गेला, आणि जपानच्या पुरुषांना त्यात आजवर एकच पदक आहे : २००८ ला नागाईचं कांस्य. ऑलिम्पिकमध्ये मागून खांदा मारणारा भाऊबंद नसतो ना!

महालक्ष्मी_रेल्वेपलीकडे:
घोड्यांचं उलटं आहे, परदेशी घोडे क्वचितच जिंकतात. जपान कप या मोठ्या शर्यतीत १९८१ ला, पहिल्याच वर्षी अमेरिकन घोडी जिंकली खरी. पण पुढे २००५ च्या अल्कासेदनंतर परदेशी घोडा थेट २०२५ मध्ये जिंकला, फ्रान्सचा कालांदागान. जॉकी मात्र परदेशी भरपूर. लमेर आणि डेमुरो यांनी २०१५ मध्ये जपानी परीक्षा देऊन तिथला पूर्णवेळ परवाना काढला. रेसकोर्सवर इतकं वाचून घोडा ठरवतो मी, तिथे तर वाचायलाच कांजी शिकावी लागेल.

पेडल_पुणेकर:
@निशीकासाईकर, आलो तर मलाही पैसे लावायचं तिकीट काढता येईल का? आणि मुलींच्या शर्यतींचं काय?

निशीकासाईकर:
वय २० पूर्ण हवं, बस. शंभर येनपासून तिकीट. लोकांनी लावलेल्यातले साधारण ७५ टक्केच परत वाटतात, तेव्हा श्रीमंत व्हायला येऊ नका.

मुलींचं केइरिन २०१२ पासून पुन्हा सुरू झालं. तिथे लाइन बांधायला बंदी, सातही जणी सुट्या. तुमचा पहिला हिशोब तिथे चालतो. तुम्ही मात्र आधी पुरुषांची बघा, शेवटच्या वळणाजवळ उभे राहून. घंटा वाजली की मागच्या आजोबांच्या शिव्या ऐका, जपानी येत नसलं तरी कुणाला पडतायत ते कळतं.