एमएक्स-५: बुश सगळे नवे, तरी गाडी उंच बसते आणि दोऱ्याची मापं दर वेळी वेगळी

दोन_सीटवाला:

गाडी १९९४ ची माझ्दा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, दिवे वर उघडणारी. गेले चार शनिवार-रविवार तिच्याखाली झोपून काढले. चाकांना सांगाड्याशी जोडणाऱ्या कंट्रोल आर्मचे सगळे रबरी बुश बदलले, चारही शॉकअप नवे, बॉल जॉइंट नवे, स्प्रिंग मात्र जुन्याच. जुने बुश काढताना जो घाम गाळला त्याचं पुराण सांगत बसत नाही. फक्त एवढंच, की शेवटी रबर भोक पाडून काढलं आणि बाहेरची नळी करवतीने चिरली.

सगळं घोड्यांवर (गाडीखाली लावायचे स्टँड), चाकं लटकत असताना, टॉर्क पान्ह्याने नीट आकडे बघून आवळलं. गाडी खाली घेतली तर पूर्वीपेक्षा २५ मिमी उंच. रस्त्यावर फिरवून आणल्यावर पाचेक मिमी बसली, पुढे ढिम्म. खड्ड्यात पुढून कुरकुर येते. स्टिअरिंग सरळ जाताना उजवीकडे वाकडं राहतं.

मग दोरा बांधून टो, म्हणजे चाकांची पुढची कड किती आत (टो-इन) की बाहेर (टो-आउट) वळलीय ते, मोजायला घेतला. मागच्या टायरला टेकवून दोरा पुढे नेला आणि पुढच्या रिमपर्यंतचं अंतर मोजलं. पहिल्यांदा टो-इन २ मिमी, गाडी जॅकने उचलून परत ठेवली तर ५ मिमी, तिसऱ्यांदा चक्क टो-आउट. माझं मोजणं चुकतंय की काही ढिलं राहिलंय? की निमूटपणे चाकांचे कोन जुळवणाऱ्या अलाइनमेंट मशीनवर नेऊ?

ओळंबा:

ढिलं काही नाही, उलट नको तेव्हा आवळलंय. एका वाक्यात तीन चुका सांगितल्यात तुम्ही. वाईट वाटून घेऊ नका, मी पहिल्यांदा चारही केल्या होत्या.

आधी उंचीचं. रबरी बुश म्हणजे आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्हींना पक्कं चिकटवलेलं मधलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये चिमटली जाते, ती फिरत नाही. आर्म वरखाली होतो तो रबराला पीळ देऊन. म्हणजे ज्या स्थितीत बोल्ट आवळला, ती त्या रबराची आरामाची जागा. तुम्ही आर्म लटकत असताना आवळलेत, त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी प्रत्येक बुशला पीळ बसलेला आहे आणि तो आर्मला खाली ढकलतोय. वरून कोणी जादा स्प्रिंग बसवल्यासारखं. नव्या गॅसच्या शॉकअपनेही गाडी थोडी उचलली जाते, पण दोन सेंटीमीटर नाही. असंच चालवत राहिलात तर रबर लवकर फाटेल आणि हे सगळं पुन्हा करावं लागेल.

उपाय: चारही चाकांखाली लाकडाचे रुंद, पक्के ठोकळे देऊन गाडी चाकांवरच उंच उभी करा, म्हणजे खाली हात जाईल आणि वजन मात्र चाकांवरच राहील. मग आर्मचे आतले सगळे बोल्ट, शॉकअपचे खालचेसुद्धा, हाताने फिरतील इतपत सैल करा. बोनेटवर आणि डिकीवर दाब देऊन गाडी झुलवा, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवा आणि मग आवळा. बोल्ट सैल असताना गाडी चालवायची नाही, हे सांगायला नको.

इथे एक गंमत आहे. अलाइनमेंट करताना खालच्या आर्मचे कॅम बोल्ट (फिरवले की आर्म सरकतो असे) सैल करावेच लागतात, तेव्हा त्या बुशांचा पीळ आपोआप निघतो. वरच्या आर्मच्या बोल्टला मात्र कोणी हात लावत नाही, कारण तिथे फिरवण्यासारखं काही नसतं. म्हणून मशीनवरून आणलेली गाडीही अर्धी पिळलेलीच राहते. तुम्ही वरचे विसरू नका. (पॉलियुरेथेनचे बुश नळीवर मोकळे फिरतात, त्यांना हा नियम नाही. पण ग्रीस कमी पडलं की ते किंचाळतात.)

आता दोरा. माझे आजोबा गवंडी होते. दोरा भिंतीला टेकला की तो दोरा नाही, ती भिंतच, असं म्हणायचे. तुम्ही दोरा टायरला टेकवलात. टायरचं पोट फुगलेलं असतं आणि या गाडीत मागच्या चाकांमधलं अंतर पुढच्यापेक्षा थोडं जास्त आहे, म्हणजे तो दोरा गाडीला समांतर राहूच शकत नाही.

दोन सरळ नळ्या घ्या. दोन्हींवर अगदी एकाच अंतरावर खाचा करा, एक नळी पुढे आणि एक मागे आडवी ठेवा, खाचांतून दोन्ही बाजूंना तंगूस ताणा. सुतळी नको, ती जाड असते आणि लोंबते. तंगूस चाकाच्या मध्याच्या उंचीवर हवा. आता पुढच्या दोन हबपासूनची अंतरं एकमेकांशी सारखी करा, मग मागच्या दोघांची एकमेकांशी. पुढची आणि मागची सारखी येणार नाहीत, यायलाही नकोत. हे झाल्यावर गाडीला धक्का लागला तर सगळं पुन्हा, म्हणून कुत्र्यामांजरांना बाहेर ठेवा.

मग पोलादी पट्टीने रिमच्या पुढच्या कडेपासून तंगुसापर्यंत आणि मागच्या कडेपासून तंगुसापर्यंत मोजा. चौदा इंची रिमची कड ते कड साधारण ३९० मिमी भरते, तिथे १ मिमीचा फरक म्हणजे जेमतेम ०.१५ अंश. पट्टीवर अर्धा मिमी वाचता आला की काम भागतं.

मापं दर वेळी बदलतात, कारण जॅकवरून उतरताना टायर जमिनीला धरून आत ओढलेले राहतात. गाडी चारपाच मीटर पुढेमागे ढकला, नाहीतर प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत फरश्या, मध्ये ग्रीस लावून, ठेवा. लागोपाठ तीनदा अर्ध्या मिमीच्या आत तेच माप आल्याशिवाय कॅमला पान्हा लावू नका. माझा एक अख्खा दिवस अलाइनमेंट करण्यात नाही, स्वतःची चूक फिरवत बसण्यात गेला होता.

पान्हा_१७:

वरचं सगळं मान्य, पण जमिनीचं कोणी बोललं नाही. टोला फारसा फरक पडत नाही, कँबरला (समोरून बघताना चाक उभ्या रेषेपासून किती कललंय त्याला) पडतो. डाव्या-उजव्या चाकांत सुमारे १.४ मीटर अंतर आहे, तिथे जमीन १० मिमी उतरती असेल तर एका बाजूचा कँबर ०.४ अंशाने जास्त दिसतो आणि दुसरीचा तेवढाच कमी. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांखालची पातळी बघा आणि पत्र्याचे तुकडे घालून सारखी करा. ते नको असेल तर गाडी उलट तोंडाने त्याच जागी उभी करून दोन्ही मापांची सरासरी काढा.

क्रम: आधी मागचं, मग पुढचा कॅस्टर (बाजूने बघताना स्टिअरिंगचा आस किती मागे कललाय तो), मग कँबर, सगळ्यात शेवटी पुढचा टो. टाय रॉडची लांबी तीच राहते आणि कँबर हलवला की टो हलतोच, म्हणून तो शेवटी. मागे दोन्ही कॅम एकाच दिशेला फिरवले तर कँबर बदलतो, विरुद्ध दिशांना फिरवले तर टो. पुढे एकाच दिशेला कँबर, विरुद्ध दिशांना कॅस्टर. फिरवण्याआधी कॅमच्या चकतीवर अणकुचीदार काहीतरी घेऊन खूण करा. रंगाची खूण पुसते.

स्टिअरिंग वाकडं असण्याचं कारण बहुधा मागे सापडेल. मागच्या दोन चाकांचा टो वेगवेगळा असला की गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि आपण नकळत स्टिअरिंग वाकडं धरतो. पुढचे टाय रॉड फिरवून ते सरळ केलं तर आजार तसाच राहतो. आणि मागे टो-आउट कधीच नको. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू पुढे यायला बघते.

कॅस्टरसाठी यंत्र लागत नाही. चाक २० अंश एकीकडे, मग २० अंश दुसरीकडे वळवून कँबर वाचा, फरकाला १.४३ ने गुणा. माझ्या गाडीवर एकीकडे उणे २.१, दुसरीकडे अधिक १.४, फरक ३.५, म्हणजे कॅस्टर पाच अंश. फोनचं लेव्हल ॲप सरळ पट्टीवर ठेवून पट्टी रिमला टेकवली तरी चालतं.

कॅम बोल्ट गंजून नळीत जाम झाला असेल तर हातोड्याने तोंड फुलवू नका. बुश आणि ब्रॅकेटच्या फटीतून बोल्टच कापा, दोन्हीकडून. नवा घालताना अँटी-सीझ (बोल्ट पुन्हा जाम होऊ नये म्हणून लावायचा लेप) दांड्याला लावा, आट्यांना नको. आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कवर बोल्ट जास्त ताणला जातो.

दोन_सीटवाला:

कालचा दिवस घालवला. गाडी ठोकळ्यांवर उभी केली, वरच्या आर्मचा पहिला बोल्ट सैल करताना "टण्" असा आवाज आला आणि त्या कोपऱ्याची उंची डोळ्यांदेखत कमी झाली. चारही झाल्यावर मोजलं तर १६ मिमी खाली. ओळंबाजी, साष्टांग नमस्कार.

तंगूस लावली तर मागे डाव्या चाकाला ३ मिमी टो-इन आणि उजव्याला १ मिमी टो-आउट निघाला. स्टिअरिंगचं कोडं सुटलं. डावीकडचं १ मिमीवर आणलं, कँबर उणे १.५. पुढे दोन्हीकडे उणे १, कॅस्टर ४.८ आणि ४.९, टो दोन्ही मिळून १ मिमी आत. पातळीसाठी उजव्या बाजूला ७ मिमी पत्रे घालावे लागले, म्हणजे आजवर माझी फरशी सपाट आहे असं मी उगाच समजत होतो.

कुरकुर बुशांची नव्हतीच. पुढच्या अँटी-रोल बारचं रबर कोरडं पडलं होतं.

उजव्या मागच्या चाकाचा टो-आउट मात्र तसाच आहे. तिथला पुढचा कॅम बोल्ट हलतच नाही, गाडी अजून ठोकळ्यांवरच आहे. पान्हा_१७, करवतीला किती दाती पातं लावलं होतं तुम्ही?

पान्हा_१७:

इंचाला अठरा दातांचं, धातूचं. दोन जास्तीची आणून ठेवा, आणि कापण्याआधी गाडी घोड्यांवर घेऊन आर्मखाली जॅकचा आधार द्या.