दारूला शिवत नाही, मग लिव्हरवर चरबी कुठनं आली?

शहापूरचा शिंपी
वय 47, उंची 5 फूट 4 इंच, वजन 84. पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली, तर फॅटी लिव्हर, ग्रेड 2. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "किती घेता?" शेजारी बायको! चहाशिवाय काही घेत नाही ओ मी. "वजन कमी करा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक. मी काही तसा जाडा दिसत नाही. दहा वर्षं पँट 36 चीच, आणि मीच शिवतो. दिवसभर मशीनवर बैठक, चहाबरोबर गोड कुंदा, हे कबूल. पण पोटाचा आणि लिव्हरचा संबंध काय?

खानापूरची सिस्टर
दादा, ती 36 ची पँट पोटाच्या खाली बांधता ना? टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, त्यापुढे धोका.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 32 च्या आसपास येतो. जगभर 30 पासून लठ्ठपणा धरतात, आपल्याकडे 25 पासूनच. त्याच वजनाला आपल्या लोकांच्या पोटात चरबी जास्त असते, साखरही लवकर लागते.

आता लिव्हर. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी, ती त्यामानानं गरीब. आतड्यांभोवती बसते ती खोडकर. तिथलं रक्त थेट लिव्हरला जातं, म्हणून तिच्यातून सुटलेली चरबी आधी तिथंच पोचते. वर जास्तीचं गोड खाल्लं की लिव्हर स्वतःच त्याची चरबी करतं. मग ते रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनासं होतं. साखर आणि बीपी तपासून घ्याच. दारू न पिणाऱ्या कितीतरी लोकांना हे होतं, वहिनींना सांगा.

निपाणीकर
घोरता काय? मी घोरायचो, मधेच श्वास अडकायचा आणि दुपारी गल्ल्यावर डुलक्या. घरचे म्हणायचे, दमलाय बिचारा. 9 किलो उतरल्यावर मंडळी एका खोलीत झोपायला लागली. मांडे सोडले नाहीत, रात्रीचा भात निम्मा केला आणि चहातली साखर बंद. गुडघेही हलके झाले. एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं कमी होतो म्हणे.

खानापूरची सिस्टर
म्हणे नाही, खरंच आहे ते. शिंपीदादा, तुमच्या लिव्हरला 6 ते 8 किलो उतरले तरी फरक पडेल. पण महिन्याभरात उतरवायला उपाशी राहू नका, झपाट्यानं वजन घटलं तर पित्ताचे खडे होतात.

शहापूरचा शिंपी
टेप लावली. 41 इंच, म्हणजे 104 सेंटिमीटर. तीस वर्षं गावाची मापं घेतली, स्वतःचं घेताना चक्क पोट आत ओढलं, परत घ्यावं लागलं. वहीत लिहिताना पोरानं विचारलं, कुणाचं ओ हे? म्हटलं, आहे एक गिऱ्हाईक, महिन्यानं परत येणार आहे.