धागा : डागाळलेला खेळाडू आपल्या संघात आला तर काय तपासायचं?

लिलावात किंवा नव्या करारांच्या यादीत नको ते नाव दिसतं, आणि ज्या संघासाठी वर्षानुवर्षं घसा फोडला त्याची जर्सी अंगावर चढवायला हात धजत नाही. अशा वेळी चाहत्याने नक्की काय वाचायचं आणि कुणाला काय विचारायचं, यावर जाणकारांनी लिहावं. खेळ कुठलाही चालेल. विनंती एकच : आरोप, निकाल आणि शिक्षा यांची सरमिसळ नको.

तिसरी स्लिप

आधी बंदीची तारीख मोजा. लॉर्ड्सच्या 2010च्या कसोटीत पैशांसाठी मुद्दाम टाकलेल्या नो-बॉलसाठी आयसीसीच्या लवादाने फेब्रुवारी 2011मध्ये पाकिस्तानच्या सलमान बटला 10, आसिफला 7 आणि आमिरला 5 वर्षांची बंदी घातली. आकडे पाहून आमिर स्वस्तात सुटला असं वाटतं. पण बटची 5 आणि आसिफची 2 वर्षं स्थगित होती, म्हणजे प्रत्यक्षात तिघांनाही पाचच. मोजणीही निकालापासून नाही, सप्टेंबर 2010च्या तात्पुरत्या निलंबनापासून. सप्टेंबर 2015मध्ये तिघंही एकदमच मोकळे झाले. आमिरने गुन्हा कबूल केला होता आणि चौकशीत सहकार्य केलं होतं, म्हणून त्याला जानेवारी 2015मध्येच देशांतर्गत सामन्यांची मुभा मिळाली. तिघांच्या तुरुंगवासाचं प्रकरण याहून वेगळं, ते लंडनच्या न्यायालयातलं.

2017च्या हंगामासाठी आमिरला इंग्लंडमधल्या एसेक्स काऊंटीने घेतलं. हीच काऊंटी आपल्याच गोलंदाजामुळे, मर्विन वेस्टफिल्डमुळे, आधी पोळलेली. 2009मध्ये डरहॅमविरुद्ध पहिल्या षटकात 12 धावा द्यायच्या, असं 6,000 पौंडांत ठरलं होतं. गेल्या 10, पैसे तरीही मिळाले. 2012मध्ये त्याला चार महिन्यांचा कारावास झाला. ज्यांनी ते सगळं पाहिलं त्यांचा 2017मधला संताप मला पूर्ण पटतो. आमिरने स्कारबरोला यॉर्कशायरविरुद्ध 72 धावांत 10 बळी घेतले आणि एसेक्सने 1992नंतर पहिल्यांदा काऊंटी चॅम्पियनशिप जिंकली, म्हणून तो संताप चुकीचा ठरत नाही.

पॉपिंग क्रीज

वरच्या दोन प्रकरणांतला फरक समजून घ्या. नो-बॉल एकट्या गोलंदाजाच्या हातात असतो. फलंदाज सामील लागत नाही, खर्च एका धावेचा, आणि त्या बळावर सट्टेवाल्याला दाखवता येतं की खेळाडू आपल्या शब्दात आहे. षटकात ठरावीक धावा देणं मात्र बेभरवशाचं : वाईट चेंडूवरही फलंदाज चुकतो, क्षेत्ररक्षक चौकार अडवतो. वेस्टफिल्डचा हिशेब तसाच हुकला.

म्हणून एखादं महागडं षटक पाहून घरी बसून निष्कर्ष काढू नका. लॉर्ड्सला आमिरचं पाऊल रेषेच्या खूप पुढे पडलं हे सगळ्यांना दिसलं, पण पुरावा ठरला तो कोणता चेंडू नो-बॉल पडणार हे आधीच सांगितल्याचं चित्रीकरण. त्याच डावात आमिरने 84 धावांत 6 बळी घेतले होते. उत्तम गोलंदाजी आणि फसवणूक एकाच स्पेलमध्ये बसू शकते, आणि चाहत्याला हेच सर्वात जास्त जिव्हारी लागतं.

वानखेडे पूर्व

आपल्याकडे जास्तीत जास्त गोंधळ श्रीशांत, अंकित चव्हाण आणि चंडिला यांच्या आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंगच्या प्रकरणात होतो. मे 2013मध्ये दिल्ली पोलिसांनी मुंबईत येऊन अटक केली आणि लावला तो महाराष्ट्राचाच संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, मकोका, जो दिल्लीतही लागू आहे. त्यासाठी संघटित टोळीशी संबंध दाखवावा लागतो. तो दिसला नाही, आणि फिक्सिंगसाठी वेगळा केंद्रीय कायदाच नाही. जुलै 2015मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने सर्व 36 आरोपींना आरोपमुक्त केलं.

बोर्डाची शिस्तभंगाची कारवाई याहून स्वतंत्र, तिला पुराव्याची पातळीही वेगळी. मार्च 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतची आजन्म बंदी रद्द केली, पण शिक्षेचा फेरविचार बोर्डावर सोडला. ती सात वर्षांवर आली, सप्टेंबर 2020मध्ये संपली, आणि जानेवारी 2021मध्ये केरळने त्याला मुश्ताक अली स्पर्धेत उतरवलं, तेही वानखेडेवर. ‘कोर्टाने सोडलं’ आणि ‘बंदीची मुदत संपली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बोलताना नेमकं वाक्य वापरा.

एरीकाठ

अमेरिकन फुटबॉलमध्ये करारातले आकडे वाचायला शिका. क्लीव्हलँड ब्राऊन्सने मार्च 2022मध्ये डेशॉन वॉटसनला पाच वर्षांसाठी 23 कोटी डॉलर दिले, सगळे हमीचे, शिवाय पहिल्या फेरीचे तीन ड्राफ्ट हक्क (नवे खेळाडू निवडायचे) त्याच्या आधीच्या संघाला, ह्यूस्टनला. त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे 24 दिवाणी दावे झाले. त्याने आरोप नाकारले, टेक्सासच्या दोन ग्रँड ज्यूरींनी (खटला भरायचा की नाही हे ठरवणारी नागरिकांची मंडळं) फौजदारी आरोप ठेवले नाहीत, बहुतेक दावे तडजोडीने मिटले. लीगने मात्र 11 सामन्यांचं निलंबन आणि 50 लाख डॉलरचा दंड केला.

आता मेख पाहा. निलंबनात फक्त मूळ पगार कापला जातो, आठवड्याला अठरावा हिस्सा. पहिल्या वर्षीचा मूळ पगार ठेवला होता 10 लाख 35 हजार, बाकी रक्कम बोनसमध्ये. म्हणजे आठवड्याला 57,500, अकरा आठवड्यांचे 6 लाख 32 हजार 500. वर्षाची सरासरी 4 कोटी 60 लाख पगार म्हणून लिहिली असती, तर कपात 2 कोटी 80 लाखांच्या पुढे गेली असती. चाहत्यांना चीड आली ती याची : शिक्षा ठरायच्या आधीच तिची धार बोथट करून ठेवली होती. अनेकांनी तेव्हाच्या 22 तक्रारदारांसाठी 22-22 डॉलर शहरातल्या रेप क्रायसिस सेंटरला पाठवले. निषेधाची इतकी नेमकी रीत क्वचित दिसते.

तिसरी स्लिप

एरीकाठ, याला जोडून अमेरिकन फुटबॉलमधलाच मायकेल विक. कुत्र्यांच्या झुंजींसाठी शिक्षा भोगून तो 2009मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडे आला. न्यायालयाने वाचवलेल्या कुत्र्यांच्या संगोपनासाठी त्याच्याकडून सुमारे 9 लाख 28 हजार डॉलर घेतले होते. भरपाई कुणाला मिळाली, हाही प्रश्न यादीत हवा.

लेग अंपायर

बंदी कुठे लागू होते तेही पाहा. 2018च्या केपटाऊनच्या चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणात आयसीसीने स्मिथला एकाच कसोटीतून वगळलं, 12 महिने दिले ते ऑस्ट्रेलियाच्या बोर्डाने. त्या वर्षीची आयपीएल भारतीय बोर्डाने वेगळी बंद केली. त्याच प्रकरणातल्या वॉर्नरवरची कर्णधारपदाची आजन्म बंदी (2024मध्ये उठली) फक्त ऑस्ट्रेलियापुरती होती, म्हणून 2020मध्ये तो हैदराबादचा कर्णधार होता.

क्लबला पत्र लिहायचं तर एक पान, तीन प्रश्न : करारात गैरवर्तनाचं कलम आहे का, त्याला नेतृत्वाची जबाबदारी देणार का, मुलांच्या शिबिरात पाठवणार का. ‘त्याला काढा’ एवढंच लिहिलं की छापील उत्तर येतं. काऊंटी सभासदांची असेल तर वार्षिक सभेत विचारा, उत्तर इतिवृत्तात नोंदवलं जातं. फ्रँचायझीत सभासदत्वच नाही, तिथे प्रायोजकाला प्रत पाठवा. खेळाडूच्या घरच्यांना, देशाला किंवा धर्माला मध्ये आणलं, तर ते पत्र कुणी पुढे वाचत नाही.